रेणूचे पाय आणि चार बोटं माया

माझं शिक्षण सातवीपर्यंत. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं मी जिथं चुकले ते वाचताना कुणाला नवल वाटायला नको. लिहायची सवयही नाही. रेणूच्या पहिलीच्या वहीत मागची पानं कोरी राहिली होती, त्यांवर लिहिते आहे. आमच्यासारख्याच एखाद्या भाड्याच्या खोलीत कुणी बाई लेकराचे पाय चोळत एकटी बसली असेल आणि विचारायला तिच्याजवळ माणूस नसेल, तर हे तिच्यासाठी.

आम्ही वाशिमकडचे. कोल्हापूरला येऊन चार वर्षं झाली. रेणूचे बाबा फौंड्रीत भट्टीवर आहेत, बहुतेक दुसऱ्या पाळीला. दुपारी तीनला जेवणाचा डबा घेऊन निघतात आणि परत येतात तेव्हा रेणू कधीच झोपलेली असते. गावी जायचं तर अख्खी रात्र बसमध्ये जाते, वर सकाळची दुसरी गाडी. त्यामुळं जाणं होत नाही. बावडा भागात आमची एक खोली. भिंतीला भिंत लागून मुमताजभाभीचं घर. ती शिवणकाम करते, पिको-फॉल करते, आणि मशीन चालू असतानाही गल्लीच्या टोकाला ऐकू जाईल अशा आवाजात बोलते.

इथल्या बायका स्वतःला 'मी जातो, मी येतो' म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, चेष्टा चालली आहे. मी किराणा दुकानात 'का' म्हणायचं तिथं 'काहून' म्हटलं की दुकानदार हसायचा, म्हणून मी हळूहळू कमी बोलायला लागले. रेणू मात्र पहिल्या वर्षातच 'मी येतो की' म्हणायला लागली. मी दर वेळी तिला सांगायची, 'येते म्हण.' ती म्हणायची, 'येते म्हणतो.'

*

दुखणं सुरू झालं ते दसऱ्यानंतर. रेणू तेव्हा सहा वर्षांची. जेवण झालं, अंथरूण घातलं, दिवा मालवायला उठले तर ती म्हणाली, "आई, पाय वढत्यात."

मी ऐकलं, पाय वाढत्यात. हसून म्हटलं, "वाढू दे. मोठी होशील."

ती रडायला लागली तेव्हा कळलं की ती दुसरंच काही सांगते आहे. नडग्यांवर हात ठेवून इकडं तिकडं वळत होती. दोन्ही पाय. कधी गुडघ्याच्या मागं, कधी पावलांत. मी तेल कोमट करून चोळत बसले. अर्ध्या तासानं झोपली. सकाळी उठली आणि नळावर जायच्या आधी गल्लीतून दोन फेऱ्या पळून आली.

भाभीला विचारलं, वढत्यात म्हणजे काय.

"पायांत वढ लागत्या गं. ओढ, ओढ," ती म्हणाली. "तुझी पोरगी आमची झाली आन् तुलाच तिचं कळंना झालंय."

ती थट्टेनं बोलली. मला ते दिवसभर लागून राहिलं.

*

मग हे दर दोन-तीन दिवसांनी. वेळ ठरलेली, अंथरुणावर पाठ टेकली की. मी एका हातानं चोळायची आणि दुसऱ्या हातानं तिला थोपटायची. ती विचारायची, "आई, कवा थांबणार?" मी म्हणायची, "आता थांबेल." मला काय माहीत होतं? भाभीचं मशीन तोवर बंद झालेलं असायचं. पलीकडून भांड्यांचा आवाज, मग तोही नाही. त्या वेळी खोलीत आम्ही दोघीच आणि ते दुखणं, असं वाटायचं.

रेणूच्या बाबांनी ते दुखणं पाहिलंच नव्हतं. ते येईपर्यंत ती शांत झोपलेली, आणि सकाळी पाहावं तर उड्या मारत असलेली. एकदा सांगितलं तर म्हणाले, "मले तर काही दिसत नाही वं. शाळेत जायचं नसन म्हणून करत असन नाटक."

"रात्री नऊ वाजता कोणती शाळा असते?" मी म्हटलं.

त्या आठवड्यात आम्ही एकमेकांशी डब्यापुरतंच बोललो.

मी माझ्यातच दोष शोधत होते. शाळेत चालत नेते, मध्ये चढ आहे, त्यानं होत असेल. दूध कमी पडलं असेल. गल्लीतल्या नळावरची एक बाई म्हणाली, गोरी पोरगी आहे, दृष्ट लागली असेल. तेही केलं. मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. दुसऱ्या दिवशी दुखलं नाही, तेव्हा बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी दुखलं.

रविवारी गावी फोन केला. माझ्या बाबांना कमी ऐकू येतं. ते विचारतात आणि उत्तर ऐकायच्या आधी पुढचं विचारतात.

"काय करून रायली वं पोरगी?"

"बरी आहे बाबा. पाय दुखतात तिचे."

"हो, पाऊस झाला इकडं. तुम्ही बरे आहा ना?"

"बरे आहो," मी म्हटलं आणि फोन ठेवला. माय असती तर तिनं आवाजावरून ओळखलं असतं. माय मी चौदा वर्षांची असताना गेली. कशानं गेली ते पुढं येईल, कारण सगळा घोळ तिथूनच झाला.

*

शेवटी एका बुधवारी रेणूला घेऊन लहान मुलांच्या डॉक्टरांकडं गेले. दवाखाना गच्च भरलेला. मी रेणूला कडेवर घेऊन उभी होते. खरं तर ती चालत आली होती, पण दवाखान्यात मला तिला खाली सोडवेना. एक फेटेवाले आजोबा उठले आणि म्हणाले, "बसा पावणं. पोरगी घिऊन हुभ्या कशाला?" नातवाचा खोकला दाखवायला आले होते. एवढ्या दिवसांत मला कुणी बसा म्हटलं नव्हतं. मला रडूच येणार होतं.

डॉक्टर तरुण, बोलणं भरभर. त्यांनी पाय दाबून पाहिले, गुडघे वाकवले, रेणूला एका पायावर उड्या मारायला सांगितलं. तिनं मारल्या आणि थांबेचना. ते हसले. ताप येतो का, सकाळी लंगडते का, एकच पाय दुखतो का, असं विचारलं. मी सगळ्याला नाही म्हटलं. मग कागदावर लिहिता लिहिता म्हणाले, "घाबरू नका. वाढीचं आहे हे. एकदा रक्त बघून घेऊ, माझ्या समाधानासाठी. सोमवारी रिपोर्ट घेऊन या."

त्यांनी बेल दाबली. पुढचं लेकरू आत आलं.

मी बाहेर येऊन बाकावर बसले. रेणूचं रक्त द्यायला उठले ते बऱ्याच वेळानं.

आमच्याकडं वाढ म्हणजे गाठ. पोटात वाढ झाली, गळ्याला वाढ झाली, असंच म्हणतात. मायला अकोल्याला नेलं होतं तेव्हा तिथले डॉक्टर बाबांना म्हणाले होते, "पोटात वाढ आहे, घाबरू नका." मी दाराशी पिशवी धरून उभी होते. शब्द अगदी तेच. वाढ, आणि घाबरू नका. त्यानंतर माय आठ महिने होती. स्वयंपाकाला आणि धाकट्या भावाला बघायला कुणी नाही म्हणून माझी शाळा सुटली, ती तेव्हाच.

आत जाऊन पुन्हा विचारावं, एवढं साधं मला जमलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी तेच परत सांगितलं असतं, आणि ते परत ऐकायची माझी तयारी नव्हती.

कागद इंग्रजीत होता. घरी आल्यावर रेणूनं तो हातातून ओढून घेतला. तिच्या शाळेत एबीसीडी झाली आहे. बोट ठेवून वाचायला लागली, "जी. आर. ओ. जी फॉर गोट. आई, हिथं शेळी लिवलीया."

मी कागद घेतला आणि डब्यात ठेवून दिला. माझ्या लेकराला काय झालंय ते माझं लेकरू अक्षर अक्षर वाचत होतं, आणि ते दोघींनाही कळत नव्हतं.

*

बुधवार ते सोमवार. रविवारपर्यंत मी कुणाला काही सांगितलं नाही.

रेणूच्या बाबांना सांगायला दोनदा तोंड उघडलं. रात्री एक वाजता जेवायला वाढलं, ते म्हणाले, "काय झालं वं? डॉक्टर काय म्हणे?" मी म्हटलं, "काही नाही. सोमवारी बोलावलंय." आदल्या वर्षी त्यांच्याच भट्टीवर एकाचं क्षणभर लक्ष नव्हतं आणि पाय भाजला. ह्यांच्या डोक्यात असं काही घालून मी त्यांना तिथं पाठवणार होते का? आणि खरं सांगायचं तर, सांगितलं की ते खरं होईल असंही वाटत होतं.

रेणू झोपली की मी तिच्या पायांवर गाठ शोधायची. पोटरी दाबली की गोल लागायची. मग दुसरी पोटरी, तीही गोल. मग स्वतःच्या पोटऱ्या चाचपायची, त्याही गोल. तरी पटायचं नाही.

ती जे मागेल ते देत होते. शुक्रवारी जिलेबी आणली, शनिवारी फुगा आणि कुरकुरीत चकल्या. शाळेत उशिरा नेलं, तिला अजून झोपू दे म्हणून. रविवारी सकाळी शिरा करून पुढं ठेवला तेव्हा तिनं ताटलीकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"आई, आज माझा वाढदिवस हाय काय?"

मी मोरीत गेले आणि नळ सोडून उभी राहिले. नळाला पाणी नव्हतं. तरी उभी राहिले.

*

त्याच रविवारी दुपारी, रेणूचे बाबा जादा कामाला गेलेले असताना, भाभीनं हाक मारली. शाळेच्या गॅदरिंगसाठी रेणूला जांभळा फ्रॉक शिवायचा होता. कापड महिनाभर तिच्याकडं पडून होतं. रेणू स्टुलावर उभी. भाभीच्या गळ्यात टेप, पदराला दोन सुया खोचलेल्या.

"सरळ हुभी ऱ्हा गं, शेपटी असल्यागत हलायलीस. हां. घेराला दुमड चार बोटं घेतो. एवढी माया सोडली म्हंजे फुडच्या वर्षीबी हुतोय."

कापड दुमडून आत जे जास्तीचं ठेवतात, पुढं उसवून मोठं करता यावं म्हणून, त्याला माया म्हणतात. हे मला माहीत होतं. मायसुद्धा म्हणायची.

"माया नको सोडू भाभी," मी म्हटलं.

"का?"

"नको."

"अगं वाढती पोरगी. सहा म्हयन्यांत गुडघ्यावर यील."

"पुढच्या वर्षाचं नको शिवू म्हटलं ना. आत्तापुरतं शिव."

माझा आवाज चढला होता. भाभीनं टेप खाली केला. मग रेणूला म्हणाली, "जा गं, भाईर आमच्या कोंबड्या कुठं गेल्यात बघून ये." रेणू म्हणाली, "मी जातो," आणि उडी मारून गेली.

"आता बोल."

मी सांगितलं. वाढ आहे म्हणून सांगितलं. मायचं सांगितलं. पाच दिवसांचं सगळं एकदम बाहेर आलं. मध्ये मध्ये मी आमच्या गावचीच बोली बोलत होते, मला थांबवता येईना.

भाभी ऐकत होती. मग तिनं विचारलं, "डाक्टर काय म्हटला? वाढ हाय म्हटला, का वाढीचं हाय म्हटला?"

"एकच की ते."

"एक न्हाय. नीट आठव."

"वाढीचं आहे म्हणाले."

"मग?" तिनं पदराची सुई काढून परत खोचली. "मी बी डाक्टर न्हाय. पर माझ्या शकिलाचं पाय असंच दुखायचं रातीला. आता दोन पोरांची आई हाय ती, कागलात दिली. तुला खोटं सांगत न्हाय आन् उगच धीर बी देत न्हाय. उद्या मी येतो संगट. त्येलाच इचारू."

"तुझं काम?"

"काम कुठं पळून जातंय? आन् पाच दिस भिंतीपल्याड रडत बसलीस, एक थाप मारायला काय झालं हुतं भिंतीवर? मला वाटलं नळ गळतोय तुझा."

मी रडता रडता हसले. तिनं माझ्याकडं पाठ केली, कापड मशीनवर घेतलं आणि पायडल मारायला लागली.

*

सोमवारी दवाखान्यात भाभी माझ्या पुढं शिरली. पदराला सुया तशाच. डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला, मान हलवली आणि बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात ती म्हणाली, "डाक्टर, इंग्रजी नगं आन् भरभर नगं. हिच्या पोरीला गाठ हाय का न्हाय, तेवढं सांगा."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "गाठ? कुणी सांगितलं?"

"तुमीच की. वाढीचं हाय म्हटलासा, हिला वाढ ऐकू आलं."

डॉक्टरांनी माझ्याकडं वळून विचारलं, "तुमच्याकडं वाढ कशाला म्हणतात?"

"गाठीला," मी म्हटलं. "माझ्या आईला होती."

त्यांनी बेलवरचा हात काढून घेतला. खुर्ची थोडी पुढं घेतली आणि पहिल्यांदाच हळू बोलले. गाठ नाही. रक्त चांगलं आहे. हाडं चांगली आहेत. वाढत्या वयातल्या पुष्कळ मुलांचे पाय असे दुखतात, दोन्ही पाय, झोपायच्या वेळी, आणि सकाळी काही नसतं. का दुखतात ते नक्की कुणालाच सांगता येत नाही. दिवसभर पळाल्याचा शीण असेल. काही महिने येतं-जातं, मग आपोआप थांबतं. चोळा, शेक द्या, जवळ बसा. "एकच पाय दुखायला लागला, सूज आली, ताप आला, सकाळी लंगडली, तर मात्र वाट बघत बसू नका, लगेच या."

"म्हणजे ती…" मी म्हटलं.

"उंच होणार आहे तुमची मुलगी," ते म्हणाले. "बाकी काही होत नाही तिला."

रेणू तेवढ्यात टेबलावरचा त्यांचा गुडघे तपासायचा छोटा रबरी हातोडा घेऊन स्वतःच्या गुडघ्यावर मारून बघत होती.

निघताना त्यांनी कागदावर मराठीत लिहून दिलं. गाठ नाही. सूज नाही. घाबरण्यासारखं काही नाही. खाली सही. म्हणाले, "माझं चुकलं. इथलेही लोक वाढ म्हणतात गाठीला, माझ्या लक्षातच आलं नाही." एवढा शिकलेला माणूस मला माझं चुकलं म्हणाला. तो कागद मी देवाच्या फोटोमागं ठेवला आहे. पुढं कधीतरी नळावरच्या एका बाईनं सांगितलं, ते डॉक्टर आता 'उंची वाढतानाचं दुखणं' असं म्हणतात. म्हणत असतील. त्यांचे उपकार मी विसरणार नाही, आणि भाभीचे तर फेडता यायचे नाहीत.

*

दुखणं लगेच थांबलं नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण मला वाटलं होतं की डॉक्टरांनी सांगितलं की थांबेल. त्याच रात्री परत दुखलं. फरक एवढाच की चोळताना मी गाठ शोधत नव्हते.

रेणूच्या बाबांना मी सगळं त्या रात्री सांगितलं. त्यांनी ताट बाजूला सारलं. "मले काहून नाही सांगितलं?" एवढंच म्हणाले. नंतर त्यांच्या सुट्टीच्या दिवशी रेणूचे पाय दुखले तेव्हा ते घरी होते. पहिल्यांदाच पाहत होते. भट्टीवर काम करून त्यांच्या तळहाताला घट्टे पडले आहेत, रेणू म्हणाली, "बाबा, हात टोचत्यात." मग त्यांनी हाताला तेल लावलं, बराच वेळ, आणि मग चोळायला बसले. ती झोपली तरी ते उठेनात. पुन्हा कधी त्यांनी नाटक हा शब्द काढला नाही.

बाकीच्या रात्री मी एकटीच असते, ते काही बदललं नाही. दुसरी पाळी तीच आहे, गाव तेवढंच लांब आहे. पाय चोळताना मायची आठवण येते आणि विचारावंसं वाटतं, माझे पाय दुखायचे का गं लहानपणी? माझ्या बाबांना हे ठाऊक नाही, आणि सांगणारं दुसरं कुणी उरलं नाही. पण आता फार झालं की मी भिंतीवर थाप मारते. पलीकडून आवाज येतो, "काय गं, नळ गळतोय व्हय?"

तुमच्या लेकराचं असं झालं तर एवढंच करा. डॉक्टर जे बोलले ते नाही कळलं, तर तिथंच उभं राहा आणि पुन्हा विचारा. बेल वाजली तरी हलू नका.

*

यंदा परत गॅदरिंग आलं. मी जांभळा फ्रॉक पेटीतून काढला. वर्षभर धुऊन धुऊन विटला होता. रेणूला घातला तर गुडघ्याच्या वर गेला. मी भाभीकडं घेऊन गेले आणि म्हटलं, "नवा शिवावा लागेल. त्यात माया नाही."

"न्हाय कशी? बघ की."

तिनं फ्रॉक उलटा केला. चार बोटं. मी नको म्हणून ओरडले होते त्या दिवशी तिनं ती माया सोडली होती, आणि वर्षभर मला कळू दिलं नव्हतं. मीही कधी आतून पाहिलं नव्हतं.

तिनं ब्लेडनं टाके उसवले. दुमडीच्या आतल्या कापडाला ऊन कधी लागलंच नव्हतं, ते तसंच होतं, गडद जांभळं. जुन्या विटक्या फ्रॉकच्या खाली नवी पट्टी आली. रेणू स्टुलावर उभी राहून खाली पाहत होती. फ्रॉक गुडघ्याखाली पोचला.

"आई, मी वाढलो की," ती म्हणाली.

मी तिला नेहमी दुरुस्त करते. तेव्हा नाही केलं.

"काय म्हणालीस?"

"वाढलो की," ती म्हणाली, यावेळी मोठ्यानं.